गडद हिरवी भिंत: बडोदेकरांनो, तुमचा अनुभव सांगा

मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल दिवाळीआधी रंगवायचाय. मन बॉटल ग्रीनवर बसलंय, पण सासूबाईंना धास्ती आहे की दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल. ज्यांच्या घरी हा रंग आहे त्यांनी सविस्तर लिहा. किती हात लागले, रात्री कसा दिसतो, पावसाळ्यात काय होतं, सगळंच हवंय.

दांडिया बाजारहून:
सासूबाईंचं बरोबर आहे ताई. पांढरी भिंत ऐंशी टक्क्यांच्या आसपास उजेड परत टाकते, बॉटल ग्रीन जेमतेम दहा. आमचं माजघर मुळातच अंधारं, म्हणून खिडकीसमोरची भिंत आणि छत पांढरंच ठेवलं. उजेड तिथूनच खोलीभर पसरतो. हिरवा दिला तो झोपाळ्यामागच्या बाजूच्या भिंतीला. जुनं सागवान आणि पितळी कड्या त्या भिंतीपुढे इतक्या खुलतात की आलेला प्रत्येक जण आधी कड्यांना हात लावतो. संखेड्याच्या मरून-सोनेरी खुर्च्या असतील तर याच भिंतीला ठेवा.

कारेलीबागेतून:
आमच्या घरी रंगकामाचाच व्यवसाय, म्हणून थोडं जास्त लिहिते. गडद शेड डीप बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्यासाठीच्या मूळ रंगात, बनते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे झाकणारं पांढरं, फार थोडं असतं. म्हणून दोन हातांत खालचं पांढरं डोकावतं आणि तिसरा हात द्यावाच लागतो. दुकानदाराकडून प्रायमरच राखाडी टिंट करून घ्या, खूप फरक पडतो. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावायला घ्या, नाहीतर मधल्या भिंतीत शेड बदललेली कळते. पूर्ण मॅट दिसतो सुंदर, पण सोफ्यामागे तेल लावलेलं डोकं टेकलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि पुसायला गेलं की वाढतो. बसण्याच्या जागी हलकी चमक असलेलं धुता येणारं इमल्शनच बरं.

अलकापुरीतून:
६५०० केल्व्हिनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या, ट्यूबखाली आमचा हिरवा निळसर आणि रुक्ष दिसायचा. ३००० चे पिवळसर दिवे लावले आणि भिंतीत ऊब आली. मोठ्या पुठ्ठ्यावर नमुना रंगवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. शेडकार्डाच्या चिठोऱ्यावरून ठरवू नका.

सयाजीगंजहून:
लहान मूल असेल तर डब्यावर शिशाचं प्रमाण वाचून घ्या. घरगुती रंगांत ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कुणाकडचा जुना उरलेला डबा मुळीच वापरू नका.

समा भागातून:
ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यावर कमरेपर्यंत आलं होतं. पाणी उतरलं, भिंत वरून कोरडी लागली, कारागीर म्हणाले चालेल, आणि हिरवा रंग लागला. पुढच्या पावसाळ्यात बरोबर पाण्याच्या रेषेवर खार, म्हणजे भिंतीतल्या क्षारांची पांढरी पूड, फुटला. फिक्या रंगावर तो कदाचित लपला असता; गडद हिरव्यावर पांढरी बुरशी धरावी तसा दिसतो, आणि नखाने टोकरलं की पोपडाच हातात येतो. घरात एवढीशी ओल असली तरी आधी तिचा बंदोबस्त करा, रंग नंतर. मला हा रंग पुन्हा हवाच आहे, जीव आहे माझा त्याच्यावर. नदीकाठच्या तळमजल्यावर कुणी प्लास्टर खरवडून नव्याने केलं असेल, तर कुठलं वॉटरप्रूफिंग टिकलं ते कृपया लिहा.