शब्दचर्चा : जिवाणूंची 'सिक्रिशन सिस्टिम' – उत्सर्जन, स्राव की आणखी काही?

टाकदौत
कॉलेजच्या मुलांसाठी सूक्ष्मजीवशास्त्राची एक मराठी पुस्तिका तपासतोय. कॉलऱ्याचा जिवाणू शेजारच्या जिवाणूला 'टाइप सिक्स सिक्रिशन सिस्टिम' वापरून कसा मारतो, असा मजकूर आहे. (जिवाणू आपली प्रथिनं वगैरे ज्या यंत्रणांनी पेशीबाहेर पाठवतात, त्या सिक्रिशन सिस्टिम; त्यांच्या प्रकारांना क्रमांक दिलेत.) खर्ड्यात कुणीतरी 'सहावी उत्सर्जन संस्था' लिहून ठेवलंय. वाचलं की मला मूत्रपिंडंच दिसतात. 'स्राव यंत्रणा' चालेल का? जाणकारांनी सांगावं.

निळीशाई
उत्सर्जन बादच करा. नको असलेलं बाहेर टाकणं ते उत्सर्जन, कामाचं काही बनवून सोडणं तो स्राव. (घामाचं काय, असं कुणी विचारू नका, धागा तिकडेच जाईल.) आणि हात जोडून विनंती, 'स्राव' लिहा, 'स्त्राव' नको. धातू 'स्रु', म्हणजे वाहणे. त्यात 'त' नाही. स्रोत आणि सहस्र यांतही नाही.

पेट्रीबशी
उत्सर्जन नको, सहमत. पण 'स्राव' म्हटलं की काहीतरी पाझरतंय असं वाटतं. कॉलऱ्याच्या जिवाणूचं तसंही एक विष आहे. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात ज्याचा पुरावा दिला, तेच जुलाब घडवणारं विष. ते दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेतून बाहेर सुटतं आणि मग आतड्याच्या पेशींना जाऊन चिकटतं. तिथे 'स्राव' चपखल बसतो.

सहाव्या प्रकाराचा मामला निराळा. ही यंत्रणा २००६ साली कॉलऱ्याच्या जिवाणूत आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा या आणखी एका जिवाणूत ओळखली गेली. पेशीच्या आत प्रथिनांची एक लांब नळी, तिच्या तोंडाशी अणकुचीदार टोक, भोवती आवरण. विष त्या टोकाला जोडलेलं किंवा नळीत भरलेलं. आवरण पाच मिलिसेकंदांच्याही आत आकसून जवळपास निम्मं होतं आणि नळी शेजाऱ्याच्या अंगात घुसते. मग क्लप-व्ही नावाचं प्रथिन आकसलेलं आवरण सुटं करतं आणि त्याच तुकड्यांतून पुढची जुळणी सुरू. हे सगळं २०१२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हलत्या चित्रांत टिपलं गेलं. टी-४ सारखे विषाणू जिवाणूला ज्या शेपटीने भोसकतात, तिच्याशी या यंत्रणेच्या भागांची घडणच जुळते. विषाणू बाहेरून आत भोसकतो, हा आतून बाहेर, एवढाच फरक.

यात पाझरण्यासारखं काय आहे, सांगा बरं! मी 'टोचणी यंत्रणा' सुचवेन.

निळीशाई
टोचणी मनाला लागते हो. जिवाणूला पश्चात्ताप झाल्यासारखं वाटेल.

हळदकुंकू
मग 'नांगी' घ्या की. सुटसुटीत, आणि पोरांना लगेच कळेल.

पेट्रीबशी
विंचवाची नांगी विंचवाकडेच राहते. इथे नळी आणि तिचं टोक समोरच्याच्या अंगात जातं.

कागदी_लिंबू
आमच्या लिंबाच्या बागेत खैऱ्या रोग येतो. त्याचा जिवाणू झँथोमोनास सिट्री. तोही शेजारच्या जिवाणूंना मारतो, पण चौथ्या प्रकारच्या यंत्रणेने, हे २०१५ साली दाखवलं गेलंय. आणि ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू याच चौथ्या प्रकाराने झाडाच्या पेशीत आपला डीएनए घालतो. काम बघून नाव द्यायचं तर चौथ्याला काय म्हणणार, टोचणी की देणगी?

पेट्रीबशी
मुद्दा बिनतोड. कुळाचं नाव कामावरून ठेवता येणार नाही. पाचव्या प्रकारातही तेच. ई. कोलायच्या एका वाणाच्या अंगावर बाहेर लांब प्रथिनं असतात, ती शेजाऱ्याला भिडली की त्याची वाढ थांबते. ते २००५ मध्ये कळलं. तिथे ना नळी ना टोचणं. तेव्हा कुळाला 'स्राव यंत्रणा'च राहू दे, वर्णन करताना क्रियापद मात्र नेमकं वापरा. दुसऱ्यातून विष 'सोडतो', सहाव्याने 'टोचतो' किंवा 'भोसकतो'. 'स्रवतो' सरसकट नको.

हळदकुंकू
बरं, शीर्षकात 'जिवाणूंची भाऊबंदकी' टाकू या का?

निळीशाई
भाऊबंदकी नात्यातली असते. भावंडांना तर यात काही होत नाही म्हणे?

पेट्रीबशी
सख्ख्यांना नाही. प्रत्येक विषावरचा उतारा बाळगूनच ते विष बनवलं जातं. स्यूडोमोनासचं टीएसई-२ हे विष, टीएसआय-२ हा त्यावरचा उतारा. भावंडं एकमेकांना खुशाल टोचतात, कुणी मरत नाही. पण कॉलऱ्याच्याच दोन वाणांचे विष-उताऱ्याचे संच वेगळे असले, तर ते एकमेकांचा जीव घेतात. सख्खे वाचतात, चुलत मरतात. भाऊबंदकी याहून वेगळी काय असते?

आणि पुढचं ऐका. कोळंबी-खेकड्यांच्या कवचात कायटिन असतं. त्यावर वाढताना कॉलऱ्याच्या जिवाणूत ही यंत्रणा आणि बाहेरचा डीएनए उचलण्याची क्षमता एकदमच जागी होते. शेजाऱ्याला मारायचं आणि त्याची जनुकं आपल्या नावावर करून घ्यायची. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने २०१५ मध्ये हे दाखवलं.

टाकदौत
झकास. स्यूडोमोनासबद्दल पुढे एक वाक्य आहे : कुणी टोचलं तरच तो उलट टोचतो, तेही पेशीच्या त्याच बाजूने. तिथे 'वचपा काढतो' लिहिलं तर?

निळीशाई
वचपा मागाहून, संधी साधून काढतात. इथे काही सेकंदांत हिशेब होतो ना? 'जशास तसे' लिहा.

टाकदौत
घेतलं. 'स्राव यंत्रणा', 'टोचतो', 'जशास तसे' पक्कं. 'इम्युनिटी प्रोटीन'ला 'उतारा' ठेवतोय, कुणाची हरकत?

कागदी_लिंबू
आमच्याकडे उतारा म्हटलं की आधी सातबारा आठवतो, मग तलाठी.

निळीशाई
भाऊबंदकी घेताय तर सातबाराही असू दे.

टाकदौत
:) 'विषावरचा उतारा' असं पुरतं लिहितो.