गाईचं हिमोग्लोबिन ९.६ वरून ८.८, खरंच उतरलं का?

आर्वीकडचा गोपालक: राजेहो, एक विचारतो. गवळाऊ गाय, तिसऱ्या वेताची, गोचीड तापातून उठलेली. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीनदा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आधी ८.९, मग ९.६, आता ८.८. नऊ-सहा आलं तेव्हा लोहाचं इंजेक्शन लागू पडलं म्हणून घरात सांगून मोकळा झालो. आता बायको विचारते, पैसे कुठं गेले? गाय खाते-पिते, दूध होतं तेवढंच. औषध बदलू का?

जांभळी ट्यूब, वर्धा: लॅब एकच होती का? रक्त कधी अन् कसं काढलं?

आर्वीकडचा गोपालक: एकच. पहिलं अन् तिसरं सकाळी गोठ्यात, निवांत रवंथ चालू होता. दुसऱ्या वेळी दावं तोडून तुरीत घुसली. दोघांनी धरून आणली, धापा टाकत होती, तशीच गळ्याच्या शिरेत सुई घातली.

जांभळी ट्यूब, वर्धा: मग झालं की! जनावर बिथरलं, पळालं की प्लीहा आवळते अन् तिच्यात साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात येतात. ते ९.६ इंजेक्शनचं नसेल, तुरीचं असेल.

पळाली नसती तरी आकडा हललाच असता. धडधाकट गाईचाही रोज थोडा वर-खाली होतो, मशीनही तंतोतंत तेच देत नाही. दोघांच्या या चढ-उताराची टक्केवारी घ्या, प्रत्येकीचा वर्ग करा, बेरजेचं वर्गमूळ काढा, २.७७ नं गुणा. मशीनचे ३ अन् गाईचे ५ धरले तर सोळाच्या आसपास येतात. फरक त्याच्या आत असेल तर ९५ टक्के खात्रीनं ‘बदललं’ म्हणता येत नाही. तुमची घट ८ टक्क्यांच्या आसपास. अन् गंमत म्हणजे आधीची वाढही तेवढीच! तेव्हा पेढे वाटले नाहीत ना?

रिपोर्टवरच्या ८ ते १५ च्या पट्ट्यावर मात्र विसंबू नका. एखादीचं नेहमीचंच १३ असतं. ती ९ वर आली तर कागदावर ‘नॉर्मल’ अन् गोठ्यात आजारी. म्हणून जनावर चांगलं असतानाचा एक रिपोर्ट जपून ठेवा, असं मी येईल त्याला सांगतो. ऐकतं कोण, ते सोडा.

एमव्हीएससी, नागपूर: दादांनी ५ धरले, तो आकडा काढायलाच घाम निघतो. तीच निरोगी जनावरं, तीच वेळ, रक्त काढणारा तोच, असं आठवड्यामागून आठवडे. प्रत्येक नमुना दोनदा चालवायचा, म्हणजे मशीनचा वाटा वेगळा निघतो. सीरम, म्हणजे पेशी काढलेलं रक्ताचं पाणी, गोठवून शेवटी एकाच दिवशी मशीनवर लावता येतं. हिमोग्लोबिन-पेशींचं रक्त गोठवलं की पेशी फुटतात, ते त्याच दिवशी उरकावं लागतं. अन् हे सगळं निरोगी जनावराचं गणित, आजारातून उठणाऱ्या गाईला जपूनच लावा.

जांभळी ट्यूब, वर्धा: बरोबर. पापणी उलटून बघत राहा. फिकी पडली किंवा ताप चढला तर आकड्याची वाट बघू नका, डॉक्टरांना स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, पुन्हा बघायला सांगा. औषधाचंही तेच ठरवतील.

आर्वीकडचा गोपालक: पापणी गुलाबी हाय. चौथं रक्त सकाळीच, दोन दाव्यांनी बांधून. तुरीच्या दोन ओळी गेल्या, ते बायकोला अजून सांगितलं नाही.