'सामाजिक'चं कपाट मोडायचं का?

कपाट_क्र_५: प्रतापनगरातल्या आमच्या छोट्या वाचनालयाची कपाटं रंगवायला काढली आहेत. पुस्तकं परत लावताना जुन्या पाट्या लावूच नयेत, असं माझं मत. ऐतिहासिक, ग्रामीण, रहस्य, विनोदी आणि उरलेलं सगळं 'सामाजिक'. त्या शेवटच्या कपाटात घटस्फोट आहे, गिरणीचा संप आहे आणि एका म्हातारीचं अडीचशे पानी स्वगतही आहे. काउंटरवर येऊन 'सामाजिक द्या' असं कोणी म्हणत नाही. 'जरा हलकं द्या', 'आईला फार वेळ वाचवत नाही, छोटी प्रकरणं असलेलं द्या', 'मागच्यासारखं झोप उडवणारं द्या', असं म्हणतात. मग पाट्याही तशाच करू: रस कोणता, गती किती, जागा नि काळ कुठला. नाट्यशास्त्राने आठ रस दिलेत, शांत धरून नऊ. सिनेमाचंही तेच. २०२२ चा 'झुंड' आपल्या नागपूरचा, झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलवरचा. त्याला क्रीडापट म्हटलं की अर्धा सिनेमा पाटीबाहेर राहतो. कॉलेजच्या संघाशी सामना होऊन जातो आणि पुढे पासपोर्टसाठी, कागदपत्रांसाठी पायपीट सुरू होते. ती कुठल्या खेळात बसवायची?

दुपारची_ग्रंथपाल: माझा विरोध. पुस्तक शोधणं आणि पुस्तक निवडणं ही दोन कामं आहेत, तुम्ही ती एकाच पाटीवर टाकताय. ग्रंथालयांत विषयाला अंक देणारी ड्युई पद्धत आहे, तिच्यात मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ वर जाते. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या त्यांच्या कोलन वर्गीकरण पद्धतीत साहित्य लावलं ते भाषा, मग रूप, मग लेखक असं, आणि लेखकाचा अंक त्याच्या जन्मसालावरून. म्हणजे शेक्सपिअरचा १५६४ वरून. जन्मसाल एकदा ठरलं की वाद मिटतो. एखादी कादंबरी करुण की शांत, यावर मात्र आमच्या दोन मदतनिसांचं संध्याकाळपर्यंत पटायचं नाही. शिवाय नाट्यशास्त्रातला रस प्रयोगातून प्रेक्षकाच्या मनात उतरतो. तो पुस्तकाच्या पाठीवर कसा चिकटवणार?

बर्डीचा_पोट्टा: भाऊ, हे ओटीटीवाल्यांनी केव्हाच करून ठेवलं. २०१४ मध्ये अटलांटिक मासिकाने मोजले तेव्हा नेटफ्लिक्सचे ७६,८९७ उपप्रकार निघाले. माणसं बसवून, सिनेमे दाखवून, एकेक खूण करून घेतली होती त्यांनी. तरी मी रात्री अर्धा तास बोट फिरवत बसतो अन् काहीच न पाहता झोपून जातो बे. पाट्या बदला, पण पाच-सहाच ठेवा.

पाचपावलीवाला: 'पाट्या काढा' म्हणताना सगळ्या पाट्या सारख्या धरू नका. 'दलित साहित्य' ही पाटी कोण्या ग्रंथपालाने सोयीसाठी लावलेली नाही, लेखकांनी भांडून मिळवलेली आहे. १९७८ साली आलेलं दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' तुम्ही कुठे ठेवणार, 'करुण'मध्ये? त्यातला संताप कुठे गेला? हसणं कुठे गेलं? करुण म्हटलं की वाचणाऱ्याने डोळे पुसायचे आणि पुस्तक परत करायचं, एवढंच उरतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉल पाहा एकदा. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस 'बाबासाहेबांचं कोणतं आहे' असं थेट विचारतो आणि पिशवी भरून नेतो. त्याला गती-बिती सांगत बसाल?

कपाट_क्र_५: लेखकांनी घेतलेली पाटी मी काढत नाही, दादा. 'सामाजिक' काढतोय, तिला कोणी वाली नाही. 'ग्रामीण'शी मात्र माझं भांडण आहेच. काटोलच्या वाचकाला शेजारच्या गावची गोष्ट 'ग्रामीण' कशाला वाटेल? ताई, नोंदवहीत तुमचाच क्रमांक राहू द्या. एक प्रत एकाच कपाटात बसते, पण तिच्यावर चिठ्ठ्या तीन लागू शकतात ना?

पाचपावलीवाला: 'ग्रामीण' काढायचं नसेल तर एक 'शहरी' कपाट पण करा. सदाशिव पेठेतल्या दिवाणखान्यांचं.

निवांत: रहस्यकथेवर 'करुण' चिकटवलं की शेवट फुटला! ज्याच्यावर संशय होता तो सुटणार, बिचारं कोणीतरी भलतंच अडकणार, हे मला पहिल्या पानाआधीच कळलं. जुनी 'रहस्य' पाटी निदान तोंड बंद ठेवते.

कपाट_क्र_५: मग चिठ्ठी पहिल्या पन्नास पानांपुरतीच लिहू.

निवांत: आणि पन्नास पानांनंतर ज्या कादंबऱ्या सुरू होतात त्यांचं काय? मराठीत तशा कमी नाहीत.

दुपारची_ग्रंथपाल: चिठ्ठी कर्मचाऱ्यांनी लिहूच नये. परत करताना वाचकाने एक ओळ लिहावी, 'मला कसं वाटलं' एवढीच. एकाला करुण, दुसऱ्याला कंटाळवाणं, दोन्ही राहू द्या. ते वर्गीकरण नव्हे, शेरा आहे, म्हणून माझी हरकत नाही. 'सामाजिक'च्या कपाटापासून सुरू करून पाहा. फक्त चिठ्ठ्या पानांवर डिंकाने चिकटवू नका. पुस्तकात सुटा कागद ठेवा. डिंकाला कसर लागते.