प्रतिनिधी मोजके, वजन मोठं

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतल्या मतदानातून ठरतो, आणि त्यात आयोवा आणि न्यू हॅम्पशायर वर्षानुवर्षं सर्वांत आधी येत आली. एवढीशी राज्यं, त्यांचा इतका गाजावाजा कशाला, असं काही जण विचारतात. आकड्यांपुरतं ते बरोबर आहे. 2020 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या 3,979 बांधील प्रतिनिधींपैकी (राज्यातल्या निकालानुसार पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) आयोवाच्या वाट्याला फक्त 41 होते. पण या राज्यांचं खरं काम चाळणीचं. निकाल मनासारखा लागला नाही की देणगीदार हात आखडता घेतात, टीव्हीवाले पाठ फिरवतात, आणि उमेदवाराला गाशा गुंडाळावा लागतो.

आयोवातली डेमोक्रॅटिक कॉकसची, म्हणजे सभेत जमून उमेदवार निवडण्याची, जुनी रीत मला फार खटकते. ऐन थंडीत, ठरल्या वेळी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी आपल्या गटात हजर लोकांपैकी 15 टक्के जमले नाहीत तर दुसरा गट शोधायचा. रात्रपाळीच्या नर्सनं काय करायचं?

तरी पहिला निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. बायडेन 2020 मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना तारलं, आणि लगेच प्रतिस्पर्धी बुटिजेज, क्लोबुचर माघार घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 2024 साठी पक्षानं त्याच राज्याला पहिल्या मतदानाचा मान दिला, ते योग्यच झालं.

मात्र सगळ्या राज्यांत एकाच दिवशी मतदान घ्या, ही सूचना मला अजिबात पटत नाही. 1976 चे अल्पपरिचित उमेदवार जिमी कार्टर आयोवात गावोगाव फिरून पुढे आले. देशभर एकदम जाहिराती करण्याइतका पैसा अशा उमेदवाराकडे कुठून येणार?