मदत हवी आहे : आईच्या गोळ्या वेळेवर कशा जातील?

आईला थायरॉईड, बीपी आणि शुगर, तिन्हींच्या गोळ्या चालू आहेत. थायरॉईडची उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यानंतर निदान ४ तासांनी, शुगरची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. हे तिला पाठ आहे. घोळ वेगळाच होतो. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि "ही माझी नव्हे" म्हणून ती बाजूला ठेवते. स्ट्रिपवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. बरं वाटलं की बीपीची गोळी परस्पर बंद! कप्प्यांचा डबा भरून ठेवते, तरी दुपारचा कप्पा तसाच राहतो. सारखं विचारलं की चिडते, आणि तिचं चिडणं मला पटतं. वेळा कमी करता येतील का, हे डॉक्टरांना विचारणारच आहे. पण तिचा मान राखून लक्ष कसं ठेवायचं? कुणाच्या आईवडिलांना एखादी पद्धत खरंच जमली असेल तर कृपया सविस्तर सांगा.