गोळ्या बंद करून ब्राह्मी-अश्वगंधा चालू केली तर चालतंय काय?

उद्यमबागवाला: मंडळी, माझा थोरला भाऊ फौंड्रीत सुपरवायझर हाय, ऑर्डरी कमी झाल्यापासनं लई टेन्शन घेतलंय, झोप नाही, कुणाशी बोलत नाही आणि आता विसरायला पण लागलाय, किल्ली हातात धरून घरभर शोधतोय. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून एसिटालोप्राम १० चालू केलंय, अजून महिना झाला नाही. आमच्या आत्यानं एका वैदूकडनं ब्राह्मी-अश्वगंधाची पुडी आणलीय, म्हणतीय त्या गोळ्यांची सवय लागते, बंद कर. काय करावं?

खानापूरकर: ब्राह्मी चांगलीच की, आमच्या आईनं परीक्षेच्या टायमाला आम्हाला चटणी करून घातलेली. साइड इफेक्ट काय नसतोय, बिनधास्त द्या.

मेडिकलवाली_निपाणी: बिनधास्त म्हणू नका हो. अश्वगंधानं काहींच्या लिव्हरला त्रास झालेला नोंदलाय, थायरॉइडचं हार्मोन पण वाढतंय, डेन्मार्कनं तर २०२३ मध्ये बंदीच घातली. आणि एसिटालोप्राम एकदम सोडलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय, लोक त्यालाच सवय म्हणतात. गुण यायलाच चार-सहा आठवडे जातात, आताच कशाला सोडताय? ऑनलाइन सेंट जॉन्स वर्ट नावाच्या परदेशी वनस्पतीच्या कॅप्सूल मिळतात त्या तर चुकून पण देऊ नका. सौम्य डिप्रेशनला तिचा उपयोग होतो हे खरंय, पण या गोळीबरोबर घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून जिवावर बेततंय.

बीएएमएस_शहापूर: ताई बरोबर बोलल्या, आणि मी स्वतः आयुर्वेदवाला असून सांगतोय. अश्वगंधानं ताण आणि झोपेत थोडा फरक पडतो असं लहान लहान अभ्यासांत दिसलंय, ब्राह्मीचा अर्क रोज ३०० मिलिग्रॅम १२ आठवडे दिला तर स्मरणात थोडी सुधारणा दिसलीय, पण ते प्रमाणित अर्कावर, आणि बरेचदा धडधाकट लोकांवर. ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकतात, पुडीत बाकोपा हाय का मंडूकपर्णी, किती हाय, कोण सांगणार? काही पुड्यांत शिसं-पारा पण सापडतोय. मनापासनं घ्यायचंच असेल तर बेळगावात शहापूरच्या केएलई आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत दाखवा, मात्र चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. त्याआधी रक्तातलं बी१२ आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या, विसरभोळेपणा त्यानं पण येतोय. नुसत्या डिप्रेशननं पण येतोय म्हणा, मूड सुधारला की बरेचदा कमी होतंय.

उद्यमबागवाला: थायरॉइडचं कुणी बोललंच नव्हतं, आमच्या आईला पण हाय ते. पुडी बाजूला ठेवलीय, आत्या रुसल्यात. पण भाऊ काल म्हणाला "जगून काय करायचंय", त्याचं टेन्शन आलंय.

मेडिकलवाली_निपाणी: हे पहिल्यांदा सांगायचं होतं की! आजच त्याच डॉक्टरांना फोन लावा, त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांची पाकिटं तुमच्याजवळ ठेवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट हाय, रात्री पण उचलतात. डॉक्टर म्हणाले तर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आजारांच्या दवाखान्यात न्या, जुनी फाईल घेऊन. आणि आत्यांना मी समजावते, नंबर मेसेज करा.