सासऱ्यांना सुनेचं रडू दिसलं नाही, त्याबद्दल

सून डोळे पुसत बसली होती आणि सासऱ्यांनी चहा मागितला, म्हणून 'माणूस दगड झाला' असं वर एका ताईंनी लिहिलंय. सासऱ्यांना एमसीआय, म्हणजे सौम्य बौद्धिक ऱ्हास आहे, हेही ताईंनीच सांगितलंय. मग दगड म्हणू नका, ताई. या अवस्थेत काहींना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, दुःख, भीती ओळखणं जड जातं. हसरा चेहरा मात्र बहुधा पटकन कळतो. घरच्यांचा गैरसमज इथेच होतो: नातवासोबत हसतात, मग माझं दुःख कसं दिसत नाही? पुसट भाव तर आणखीच निसटतात. भावना ओळखण्यात मोठा वाटा असलेला अमिग्डाला हा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये लवकर बाधित होतो. एमसीआय असलेल्या सगळ्यांनाच पुढे अल्झायमर होतो असं नाही, हेही सांगायला हवं.

वयानेही ही ओळख थोडी मंदावते. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, नैराश्य हे आधी तपासून घ्या.

नागपुरात महाल भागात आमच्या घरी आईला एमसीआयचंच निदान आहे. आम्ही आता तिला चेहऱ्यावरचे भाव ओळखायला लावत नाही, सरळ सांगतो, 'आई, मला आज वाईट वाटतंय.' ती लगेच जवळ घेते, 'काय झालं वं?' विचारते. टीव्ही बंद करून, उजेडात, समोर बसून बोलायचं. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत असलं काही काढायचंच नाही. आणि सासऱ्यांच्या पुढच्या तपासणीत न्यूरॉलॉजिस्टना हा चहाचा प्रसंग जरूर सांगा, विसरण्याच्या तक्रारींइतकाच तो महत्त्वाचा आहे.